दुर्मिळ माती

बदलापूरमागच्या डोंगरावरचं जंगल तोडून इमारती येणार होत्या. त्याआधी माती तपासायला आलेल्या कीर्ती मॅडम खड्ड्यात उतरल्या आणि हरखल्याच. "इथल्या डोंगरांत सगळा काळा पाषाण, आणि ही चक्क ग्रॅनाइटची माती. फार दुर्मिळ. आता या जंगलाला कुणी हात लावणार नाही."

वाडीतल्या विठाने गुपचूप खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं.

पावसाळा सरला, तशी ती उल्हासनगरहून आलेल्या टेम्पोला आडवी गेली. स्वयंपाकाच्या ओट्यांचा ग्रॅनाइट कापून उरलेली भुकटी टेम्पोवाला रघू त्या खड्ड्यापाशीच चोरून टाकायचा. त्याने घाबरून हात जोडले. "मावशी, परत नाय टाकणार."

"टाक रे बाबा, दोन घमेली जास्तच टाक," विठा म्हणाली. "सगळी दुर्मिळ माती वाहून गेली. उद्या मॅडम परत येनार हायेत."