पलीकडच्या बाजूने उतरणारे चौघे

"बघितलंस मोझेस? फलाट इकडे, आणि हे चौघं पलीकडं खडीत उतरले."

ड्रायव्हर एनॉक बर्टल्स इंजिनातून मागे वाकून पाहत होता. मोझेस त्याचा फायरमन. भट्टीत कोळसा ढकलत तो म्हणाला, "पोट बिघडलं असेल."

"चौघांचं? रोज? प्रत्येक स्टेशनात?"

आठवडाभर हेच चाललं होतं. चार आडदांड गडी शेवटच्या डब्यात बसायचे. बरोबर एक लांबट लाकडी पेटी. गाडी थांबली की उलट्या बाजूने उतरायचे आणि हलली की धावत चढायचे. सुटताना एनॉकची नजर पुढे सिग्नलवर, त्यामुळे मधल्या वेळात ते काय करतात ते त्याला कधी दिसलं नाही. गार्डला विचारलं तर तो म्हणाला, तिकिटं आहेत, मग माझं काय जातं. एनॉकच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

कारण इंजिन साधं नव्हतं. मुख्य इंजिनियर डॅनफर्थ साहेबांनी नव्यानेच बांधलेलं ते इंजिन एकाच वाफेला दोनदा राबवायचं, म्हणजे कोळसा वाचायचा. "माझी सासूपण तीच चहापत्ती दोनदा उकळते," मोझेस म्हणायचा. "तो दुसरा कप एकदा पिऊन बघ."

इंजिनाची खोड एकच. पुढची आणि मागची मोठी चाकं एकमेकांना जोडलेली नव्हती. सुटताना कधी पुढची सुलटी फिरत, मागची उलटी, आणि गाडी जागच्या जागी. दोन ड्रायव्हरांची अशी फजिती झाली, तेव्हा साहेबांनी दोघांनाही यार्डात मालडबे हलवायला धाडलं. इंजिनात दोष नाही, हात अडाणी आहेत, असं त्यांचं म्हणणं.

एनॉकच्या हाताखाली मात्र ते एकदाही अडलं नव्हतं. हाताला गुण असावा लागतो, असं तो बायकोला रोज ऐकवायचा, आणि तीही बिचारी रोज ऐकून घ्यायची.

उद्या कंपनीचे संचालक याच गाडीने जाणार होते. गाडी नीट गेली तर एनॉकला मेलगाडी मिळणार होती. अडली तर यार्ड, आणि इंजिन-शेडमधल्या सगळ्यांसमोर उभ्या जन्माची अब्रू गेली. या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं.

त्या संध्याकाळी चौघे घरी निघाले तेव्हा एनॉकने त्यांच्या बाह्या पाहिल्या. काळ्या वंगणाने माखलेल्या.

"रुळांना वंगण फासतायत," तो मोझेसला म्हणाला. "चाकं घसरावीत म्हणून."

"पण आपली चाकं घसरली कुठं?"

"हा सराव आहे रे. खरा बार उद्या उडवतील."

मोझेसने डोकं खाजवलं आणि फावडं धुवायला घेतलं.

सकाळी एनॉकने स्टेशनातल्या शिपायाला बरोबर घेऊन चौघांना गाठलं. पेटी उघडली तर आत चार लोखंडी पहारी.

"या कशाला?" शिपायाने विचारलं.

"सांगायची मनाई आहे," त्यांच्यातला थोराड गडी म्हणाला. "पण आम्हाला गाडीत बसू द्या. नाहीतर पस्तावाल."

"धमकी देतोय बघा," एनॉक म्हणाला.

शिपायाने चौघांना दिव्यांच्या खोलीत कोंडलं आणि कुलूप लावलं. आठवड्यात पहिल्यांदाच एनॉकला हलकं वाटलं. इंजिनात चढताना तो चक्क शीळ घालत होता.

संचालक आपापल्या जागी बसले. गार्डने हिरवं निशाण दाखवलं. एनॉकने शिट्टी दिली आणि अलगद वाफ सोडली.

पुढची चाकं सुलटी फिरली. मागची उलटी. गाडी तसूभर हलली नाही.

त्याने वाफ बंद केली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. खिडक्यांतून उंच टोप्या बाहेर डोकावू लागल्या.

फलाटावरून डॅनफर्थ साहेब धावत आले. आता सगळ्यांदेखत अडाणी हातांचा उद्धार होणार म्हणून एनॉकने मान खाली घातली. साहेब इंजिनाच्या पायरीवर चढले, आधी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "बर्टल्स, पहारी लावून गाडी ढकलणारी माझी माणसं कुठं आहेत?"