हातांचा क्लोजअप

"कट! परत एकदा!" दिग्दर्शक ओरडला आणि तुळजाआत्यानं पेन खाली ठेवलं. ही अकरावी वेळ.

बहिरू लांब, दिव्यांच्या पलीकडं उभा होता. उभं राहून त्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मुळशी धरणाच्या काठावर कापूस पसरून स्वित्झर्लंड केलं होतं. विनोदी मालिकेतलं एक चक्रम कुटुंब परदेशी सहलीला गेलंय, आणि त्यातली आजी हॉटेलात कागदावर सही करते, एवढाच प्रसंग. आजीचं काम करणारी नटी तापानं फणफणली होती. तिच्या तोंडाचं चित्रण आधीच झालं होतं, राहिले होते फक्त हात. सेटवर चहापाण्याचं काम करणाऱ्या बहिरूनं आपल्या आत्याचे सुचवले.

उगाच नाही सुचवले. धरणाकडच्या जमिनीत आत्याचा हिस्सा होता आणि तीन वर्षं तो तिच्या सहीसाठी जोडे झिजवत होता. बहिणीनं दिवाळीला लुगडं घ्यावं, भावाच्या पोरांना सही द्यावी आणि सासरी निघून जावं, ही त्याच्या घरातली रीत. कुणाला त्याची लाज वाटत नव्हती. आत्या मात्र एकच विचारायची, "मी काय बांधावर उगावले व्हते व्हय रं?"

जमीन घ्यायला बावधनचा बिल्डर उद्या शेवटचा येणार होता.

चहाची सुट्टी झाली. बहिरू दोन कप घेऊन टेबलाशी गेला. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं हॉटेलचा कोरा कागद काढून घेतला आणि त्या जागी जमिनीचं संमतीपत्र ठेवलं. मजकुरावर मालिकेतला खोटा पासपोर्ट टाकला. सहीपुरती जागा तेवढी उघडी राहिली.

"दमलीस, आत्या?"

"दमू न्हाई तर काय करू? एवढ्या लांब परदेशात आले, आन् चहा बी गारढोण!"

"आता एकदाच. नीट सही कर."

"करतीया की. ते येडं नुसतं परत-परत वरडतंय."

सुट्टी संपली. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावून मदतनीस अपूर्वाला काहीतरी सांगितलं. अपूर्वा वाकून आत्याच्या कानाशी बोलली. आत्या खळखळून हसली. "अगं बया! मग आदी न्हाई का सांगायचं!"

बहिरूचा जीव टांगणीला लागला होता. पासपोर्ट हलू नये, एवढंच तो मनात घोकत होता.

कॅमेरा सुरू झाला. आत्यानं जिभेचं टोक दातांत धरलं आणि प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं एकेक करून काढली.

"ओके! झालं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत बहिरूनं कागद उचलला, घडी घातली, खिशात कोंबला. जनरेटरच्या गाडीमागं जाऊन त्यानं बिल्डरला फोन लावला.

"सायेब, झाली सही. व्हय, माझ्यासमोर. उद्या या."

तीन वर्षांचा शीण एकदम अंगावर आला. तो चाकाला टेकून खालीच बसला. आत्या त्याला हुडकत आली, पदरानं तोंड पुसत.

"बहिरू, अकरा डाव मी आपलं माजंच नाव घालत व्हते रं! पोरगी म्हणली, आजी, तुमचं न्हाई, मालिकेतल्या म्हातारीचं घाला. तवा कुटं त्या शेवटच्या कागदावर ‘सुलोचना सरदेशपांडे’ घातलं!"