भिंतीवरचे अकरा नियम

रंगारी चुन्याची बादली घेऊन बॉयलरखोलीत शिरला तेव्हा वाफकाका भट्टीत कोळसा टाकत होते. रंगाऱ्यामागोमाग मॅनेजरसाहेब. या खोलीला साहेबांचे पाय सहा-सहा महिने लागत नसत, त्यामुळे प्रकरण काय आहे हे काकांना विचारावंसुद्धा लागलं नाही.

"ही भिंत," साहेबांनी रुमालानं मान पुसत बोट दाखवलं. "वरपासून खालपर्यंत. एक अक्षर दिसता कामा नये."

भिंतीवर निळ्या रंगात अकरा नियम लिहिले होते. बॉयलर कसा पेटवायचा, दाबाचा काटा कुठवर चढू द्यायचा, पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी उतरलं तर काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही. बॉयलरसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक काकांनी साहेबांशी भांडून महिनाभर मागून घेतलं होतं. चार रविवार शाळेतल्या मास्तरांपुढे ठाण मांडून बसले आणि एकेक वाक्य आपल्या भाषेत उतरवून घेतलं. अक्षर काकांचंच. वेडंवाकडं, पण दारातून वाचता येईल एवढं मोठं.

"बॉयलरच्या कंपनीचं पत्र आलंय," साहेब म्हणाले. "पुस्तक त्यांच्या मालकीचं. त्यांना न विचारता भाषांतर करायचं नाही, लोकांत वाटायचं नाही. आणि तुम्ही शेजारच्या कारखान्यांतल्या लोकांना खुशाल फोटो काढू देता. धर्मशाळा मांडलीय का इथे?"

"बोलावत नाही मी. आपणहून येतात. मी नको म्हणत नाही, एवढंच."

"का नाही म्हणत?"

"बॉयलर काय कारखाना बघून फुटतो, साहेब?"

काचेपाशी उभी असलेली काकांची सून खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. महिनाभर ती हे काम शिकली होती, नवऱ्याच्या जागेवर. आजपासून दुसरी पाळी ती एकटी सांभाळणार होती. नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, दोन्ही हात भाजून घरी बसला होता. काच रिकामी दिसली म्हणून त्यानं घाईघाईनं पाणी सोडलं होतं, आणि तापलेल्या लोखंडावर त्याची एकदम वाफ होऊन अंगावर आली होती. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. तसं करू नये, हे पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर छापलेलं होतं. पण पुस्तक साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि पोराला इंग्रजीचा गंध नाही. भिंतीवरचे नियम आले ते त्यानंतर.

"मलाही वरून विचारणा होते, काका," साहेब जरा खालच्या पट्टीत आले. "नोकरी मलाही करायचीय."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज काही चढला नाही. "जीव वाचवायची गोष्ट तुम्ही कुलपात ठेवायची, आणि ती चार लोकांना सांगितली म्हणून चोर मी. बरं आहे. लाव रे बाबा चुना."

"माझ्यावर राग धरू नका, काका," रंगारी पुटपुटला आणि कामाला लागला. अर्ध्या तासात भिंत पांढरीफटक झाली.

काकांनी फावडं बाजूला ठेवलं. भट्टीचा पंखा बंद केला. मग लांब आकडी घेतली आणि भट्टीतला पेटता कोळसा ओढून बाहेर काढायला लागले. सून न सांगता त्यावर पाणी मारायला लागली. काटा हळूहळू खाली आला. वरच्या मजल्यावर कापड रंगवायची यंत्रं होती, ती एकेक करत थंडावली.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"पहिला नियम, साहेब. नियम वाचल्याशिवाय बॉयलरला हात लावायचा नाही. मगाशी इथेच होता."

"तुम्हाला सगळे तोंडपाठ आहेत."

"मला आहेत. हिला अजून नाहीत. आणि पाच मिनिटांत माझी पाळी संपते."

"मी तुम्हाला घरी बसवीन."

"बसवा. घरी एकाला बसवलंच आहे, त्याला सोबत होईल."

तेवढ्यात साहेबांच्या खिशातला फोन वाजला. वरून कुणीतरी ओरडत होतं, ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. "हो सर. लगेच करतो, सर," म्हणत साहेब तरातरा जिना चढले आणि पुस्तक घेऊनच खाली आले. नियमांचं चाळिसावं पान उघडून त्यांनी ते सुनेपुढे धरलं.

"हं, वाच आणि पेटव."

तिनं पुस्तकाला हात लावला नाही. "मी नववीपर्यंत शिकलेय, साहेब. तुम्हीच वाचा. आणि मला कळेल असं सांगा."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका आकडी पुसत होते. फोन पुन्हा वाजायला लागला होता.

साहेब वाचायला लागले. आधी इंग्रजीत, मग अडखळत आपल्या भाषेत. पहिले दोन नियम सांगताना त्यांना घाम फुटला. तिसऱ्याला एक शब्द अडला, तो रंगाऱ्यानं पुरवला; मगाशी त्यानंच त्यावर चुना फिरवला होता. चौथ्याला मात्र ते सरळ बोलून गेले. "काचेत पाणी दिसत नसेल तर पाणी सोडायचं नाही. आधी जाळ काढायचा."

आणि थांबले. तीन वर्षं पुस्तक त्यांच्याच कपाटात होतं.

"इतकं सोपं आहे हे?" त्यांनी विचारलं. कुणाला, कोण जाणे.

मागे खरखर ऐकू आली म्हणून साहेब वळले. सून कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीसमोर उभी होती. पांढऱ्या चुन्यावर चौथ्या नियमाचं शेवटचं अक्षर काढून तिनं हात झटकला.

"लिहून घेतेय, साहेब," ती म्हणाली. "पुढचं जरा सावकाश सांगा."