मान वळवू नका

पट्ट्याचं बक्कल. फुटलेली बशी. ‘घरबसल्या ऑनलाइन शिक्षणाचे फायदे लिहा.’

लेकीची परीक्षा लॅपटॉपवर चालू होती. कॅमेऱ्यातून नजर ठेवणारे पर्यवेक्षक म्हणाले, “ताई, मान वळवू नका. आता वळवलीत तर पेपर बंद होईल.”

खोलीबाहेर बाबा ओरडले, “मास्तरीण करतेस काय तिला? घे!” पट्टा पुन्हा बसला.

“आई!”

“भांडं पडलं गं.” आईचा आवाज दाराला घासत खाली आला. “तू लिही.”

मग दारावर काहीतरी जोरात आपटलं. आई काही बोललीच नाही.

लेक उठली. पडद्यावरचा पेपर बंद झाला. तिनं दार ओढलं, लाथा घातल्या, धडका मारल्या. दार उघडेना.

पेपर सुरू होण्याआधी आईनंच बाहेरून कुलूप लावलं होतं.