आज तारीख काय?

"आई, आज तारीख काय?"

मुलाने रोजचा प्रश्न विचारला. आईने कालची तारीख सांगितली.

"चुकलं, आई. जरा पडून राहा."

गेल्या वर्षी ती गॅस चालू ठेवून भाजीला गेली, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. दाराच्या कुलपाला त्याने स्वतः बनवलेला डबा जोडला होता. आतून उघडायचं तर त्याचा फोन लागे. बाहेर बोटभर स्क्रीन आणि आकड्यांची बटणं होती. आकडा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

शुक्रवारी वृद्धाश्रमाची गाडी यायची होती. आईने ठणकावून सांगितलं, माझं डोकं शाबूत आहे, हवं ते शिकवून बघ. त्याने हसून डब्यातल्या बोर्डाचा उरलेला जुळा भाऊ तिच्यापुढे ठेवला. पत्त्याच्या पानाएवढा उघडा संगणक. यावर लिनक्स, म्हणजे याला जागं करणारी प्रणाली, बांधून चालू करून दाखव, गाडी परत पाठवतो.

ती वही घेऊन बसली. पहिल्याच दिवशी लॅपटॉपच्या वायरी त्याने बोर्डाला सरळ जोडल्या आणि स्क्रीनवर काही उमटेना. आईने दोन वायरींची अदलाबदल केली.

"अरे, याचं तोंड त्याच्या कानाशी नको का? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काय माशा मारल्या मी?"

मग रोज तेच. लॅपटॉप दिवसभर घरघरत लिनक्स बांधायचा, ती ते नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरवायची, कार्ड बोर्डात खुपसून वीज द्यायची. ओळी धावायच्या आणि मध्येच थिजायच्या. बुधवारी त्या थांबल्या नाहीत. बोर्ड जागा झाला आणि त्याने तारीख दाखवली: १ जानेवारी १९७०.

"याच्यात घड्याळ नसतं," मुलगा म्हणाला. "वीज आली की दर वेळी तिथूनच सुरुवात. तुझीच गत."

"हसू नकोस. त्या साली मी कामाला लागले. अख्खं गाव माझ्या हातांतून बोलायचं."

आज लागलं म्हणजे जिंकलीस असं नाही, त्याने बजावलं, शुक्रवारी आश्रमाच्या पाहुण्यांसमोर लागलं पाहिजे. मग त्याने रंगाऱ्याला फोन केला. शनिवारी या, आईची खोली रिकामी असेल. फोन ठेवला तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. ती वहीकडे वळली. त्यानंतर दाराचा डबा उघडतो कसा, असं तिने सहज विचारलं. त्यालाही सांगायची हौस. चार स्क्रू, बस्स.

शुक्रवारी तो आंघोळ करून आला तर दाराच्या डब्याचा दिवा लुकलुकत होता. वीज गेली होती मिनिटभर, आई म्हणाली.

गाडी यायच्या आधी त्याने तिचा बोर्ड लावला. स्क्रीन काळी ठिक्कर. बोर्ड उलटा केला. कार्डाची फट रिकामी होती.

"आई, कार्डच घालायला विसरलीस गं."

त्याला खरंच वाईट वाटलं. तिने वही छातीशी धरली. बाहेर हॉर्न वाजला. दार नुसतं लोटलेलं होतं. तो अनवाणीच पाहुण्यांना घ्यायला धावला, आणि मागे दार लागल्याचा आवाज आला.

त्याने फोनवरून हाका मारल्या, डब्याने ओ दिली नाही. आकडा दाबायला तो वाकला, तर स्क्रीनवर प्रश्न होता: आज तारीख काय?

पाहुण्यांकडे बघून तो ओशाळा हसला. आजची तारीख दाबली. स्क्रीनवर उमटलं:

"चुकलं, बाळा. जरा पायरीवर बस."