खिशापर्यंतची उंची

"उंची किती मुलीची?" दुकानदाराने विचारलं.

सर्व्हेअरने आकडा सांगितला नाही. त्याने तळहात आडवा केला आणि आपल्याच शर्टाच्या खिशापाशी, पेनाच्या टोपणाला टेकवून धरला.

"इथपर्यंत."

मग बॅगेतून स्वतःची टेप काढली, एक टोक बुटाखाली दाबलं, दुसरं तळहाताला लावलं आणि माप वाचून दाखवलं. दुकानात गोल्फचं सामान घ्यायला येणारी माणसं साधारणपणे किंमत विचारायची. हे गिऱ्हाईक स्वतःच्या छातीची मोजणी करत होतं.

"एवढं नक्की कसं काय, साहेब?"

"पेनामुळे," सर्व्हेअर म्हणाला.

नोकरीच्या गावी जायला निघाला तेव्हा मुलीने त्याला मिठी मारली होती आणि खिशातलं पेन तिच्या कपाळाला टोचलं होतं. "बाबा, पेन!" असं ती केवढ्यांदा किंचाळली होती. ती खूण त्याने मनात पक्की धरून ठेवली. आयुष्यभर रस्ते मोजलेल्या माणसाला एवढी खूण पुरते.

त्यानंतर तो घरी गेला नव्हता. दर वेळी 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणायचा. शेवटी त्याची बायको 'उद्या येतो' म्हणून न येणाऱ्या नळवाल्यालाही 'आमच्या ह्यांच्यातला' म्हणू लागली. रविवारी मुलगी फोनवर दिसायची, नाही असं नाही. पण फोनवर माणूस गळ्यापर्यंतच असतं. बाकीचं घरी राहतं.

मुलीच्या शाळेने यंदा गोल्फ सुरू केला होता. का, ते शाळेलाच ठाऊक. मुलगी फोनवर कुजबुजली होती, "आईला सांगू नकोस, ती ऑनलाइन मागवेल. काठ्या तूच आण. आणि घेऊन तूच ये." इतक्या दिवसांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट. सर्व्हेअरने त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज टाकला आणि गेस्टहाऊसच्या खोलीत बसून पोरांच्या गोल्फवर सापडेल ते वाचून काढलं. काठी लांब झाली तर मूल ती मुठीच्या खालीच धरतं. आखूड झाली तर कुबड काढून उभं राहतं. त्याला पाठ झालं होतं.

दुकानदाराने छोटा सेट काउंटरवर मांडला. निळ्या मुठी, हलक्या दांड्या, सशासारखी दिसणारी बॅग. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझं ऐका, एक माप मोठं घ्या. पोरं काय, बघता बघता वाढतात. परत परत यायला नको."

सर्व्हेअर मोकळेपणाने हसला.

"तुम्ही आमच्या बाबांचे भाऊ शोभता."

त्याच्या बाबांनी सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. शाळेचा शर्ट गुडघ्यापर्यंत. रेनकोट असा, की वाटेत एखादा मित्र भेटला तर त्यालाही आत घेता यावं. आणि बूट. बुटांच्या पुढच्या भागात त्याने वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. जगातल्या निम्म्या घडामोडी त्याच्या पायाच्या बोटांनी वाचल्या.

"पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, 'बसतात का रे?' मी म्हटलं, 'अगदी बरोबर आहेत, बाबा.' ते म्हणाले, 'असणारच.' आणि चष्मा काढून पुसायला लागले." सर्व्हेअरने काउंटरवर थाप मारली. "बोळ्यांचा म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही!"

हा किस्सा तो जेवणावळीत, साइटवर, कुठेही सांगायचा, आणि लोक हसायचे. दुकानदारही हसला. सेट अजून विकला जायचा होता.

"तेव्हाच ठरवलं," सर्व्हेअर म्हणाला, "आपल्या पोरीला जे घ्यायचं ते तिच्या मापाचं. आजच्या मापाचं."

घरचं दार एका उंच मुलीने उघडलं. क्षणभर त्याला वाटलं, शेजारची असेल. मग ती "बाबा!" म्हणून अंगावर आली, आणि पेन तिच्या हनुवटीत रुतलं.

ती किंचाळली नाही. मान जरा वळवली आणि तशीच बिलगून राहिली.

बॅग हॉलच्या मधोमध उघडली गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "अहो, पण हे तर—" ती म्हणाली. मुलीने मागे वळून तिच्याकडे नुसतं पाहिलं. "पाणी आणते," बायको म्हणाली आणि आत गेली.

मुलीने त्यातली सगळ्यात लांब काठी उचलली. शाळेत शिकवलं होतं तशी ती पाय फाकून, ऐटीत, ताठ उभी राहिली. काठीचं टोक सतरंजीच्या वर चांगलं वीतभर लटकत राहिलं.

सर्व्हेअर त्या वीतभर जागेकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादं अंतर मोजायचं नव्हतं.

मुलीने आधी गुडघे वाकवले. मग कंबर. मग खांदे पाडले, पाठीला पोक काढला, आणि काठी हळूच सतरंजीला टेकली.

"बसते का गं?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलं.

मुलीने तशीच, कुबड्या म्हातारीसारखी, मान वर केली. चेहरा भरून हसली.

"अगदी बरोबर आहे, बाबा."

"असणारच," सर्व्हेअर म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला.