किनाऱ्यावरची खोली

वीस वर्षांपूर्वी रिकाम्या हातांनी या बेटावर आलेला परदेशी, आता मोठा बिल्डर. किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांच्या बुकिंगला त्याने आपल्या पहिल्या घरमालकिणीला मुद्दाम स्टेजवर बसवलं. गरिबीची साक्ष द्यायला इतकं स्वस्त माणूस दुसरं कुठे मिळणार?

"याच जागेवर, मावशींच्या खोलीत मी दिवस काढले," तो गिऱ्हाइकांपुढे गहिवरला. "सांगा ना, मावशी!"

मावशींनी माइक हातात घेतला.

"खरंय. पण पहिल्याच मोठ्या भरतीला पाणी खाटेला लागलं, तसा सामान उचलून टेकडीवर पळाला. अजून तिथेच राहतो. जाताना माझ्यावर केवढा डाफरला होता! म्हणे, असली जागा माणसांना देताना लाज नाही वाटत?"